मोठ्या शहरात चांगला ब्रंच कसा शोधायचा?

प्रश्न: रेटिंग ४.५ असूनही रविवारी अंडी रबरासारखी मिळतात, वर तासभर रांग. जागा निवडताना नेमकं काय बघावं?

उत्तर १: सरासरीवर जाऊ नका. रिव्ह्यू ‘नवीन आधी’ लावून गेल्या ३ महिन्यांतले, तेही शनिवार-रविवारचेच वाचा. आचारी बदलला की जुने तारे फसवतात. मेनू छोटा असलेला बरा. पन्नास पदार्थ असतील तर बरंचसं आधीच करून ठेवलेलं असतं.

उत्तर २: अंड्यांचा दोष बहुधा बफेचा. गरम ट्रेमध्ये ती शिजतच राहतात आणि पाणी सोडतात. ऑर्डरनंतर बनवून देणारी जागा शोधा आणि उघडल्यापासून अर्ध्या तासात पोचा. ११ ते १ टाळाच!

उत्तर ३: चौघांपेक्षा जास्त असाल तर आधी फोन करा. ब्रंचची शेवटची ऑर्डर किती वाजता घेतात, हेही विचारा.