कोंबड्यांच्या जाळीत वखारीचा भुसा? मला तरी पटत नाही

काळंरान (गंगाखेड):
मृग लागला की आमच्याकडे लाकडाच्या वखारीतून भुशाची पोती आणून गावरान कोंबड्यांच्या जाळीत पसरायची घाई सुरू होते. कारण उघड आहे. जमीन काळी, भारी. दोन सरी पडल्या की पायाला चिखलाचे गोळे. पण भुसा हा त्यावरचा इलाज नाही. शेडमध्ये छपराखाली 2-3 इंच भुसा असावाच, तो ओल शोषतो, हलवला की वाळतो. उघड्यावर मात्र तोच भुसा पाणी धरून बसतो. त्यात विष्ठा मिसळली की अमोनियाचा वास आणि बुरशी. ॲस्परजिलस बुरशी फुप्फुसात गेली की पिल्लं चोच वासून धापा टाकतात आणि त्यावर खात्रीचं औषध नाही. रक्ती हगवणीला, म्हणजे कॉक्सिडिओसिसला, अशीच ओल आणि ऊब लागते. मुरूम टाका, उतार काढा. विषय संपला.

वखारीशेजारी (लातूर):
संपला कसा? भुसा वेगळा, ढलप्या वेगळ्या. बोटाएवढ्या ढलप्यांचा 4-6 इंच थर दिला तर पाणी खाली उतरतं, वरचा थर लवकर सुकतो. तुमचा मुरूम एकदा दबला की फरशीच. कोंबडीनं उकरायचं काय? ढलप्यांखाली किडे होतात, दिवसभर त्यातच रमतात. नुसत्या मुरमावर ठेवलेल्या कोंबड्या कंटाळून एकमेकींची पिसं उपटतात, ते कुणी बोलत नाही.

काळंरान:
ढलप्या मिळतात कुठं? आरा मशीन लाकूड चिरते, तिथं भुसा आणि साली. सुताराकडे रंध्याचा छिलका, तोही वाऱ्यानं उडतो. फर्निचरवाल्याचा भुसा तर फुकट दिला तरी नको. त्यात प्लायवूड आणि एमडीएफची पूड असते, म्हणजे फॉर्मल्डिहाइडचा डिंक. पोत्यात काय भरलंय ते उघडून बघणारा एक तरी माणूस दाखवा.

अंडीवाली मावशी (कळंब):
सगळे मोठ्या जाळीवालेच बोलायलेत. कोंबडीला माती लागतीच बाबांनो. धुळीत लोळल्याबिगर अंगावरच्या उवा जात न्हाईत. सगळीकडं लाकूड अंथरलं तर लोळायचं कुठं? मी कोपऱ्यात पत्र्याखाली चुलीची राख आन् कोरडी माती ठिवती. बाकी काय बी टाका. आन् त्या ढलप्यांखाली विंचू बसतो, अंडी काढायला हात मी घालती, तुम्ही न्हाई.

वखारीशेजारी:
मावशी, राखेचं शंभर टक्के बरोबर. विंचवाचं म्हणाल तर कोंबडीच त्याला आधी टिपते. खुराड्याजवळची जागा मात्र मोकळी ठेवायला हवी, हे मान्य.

पऱ्हाटीवाला (सेलू):
ढलप्या विकत कशाला? मराठवाड्यात कापूस असताना? वेचणी संपली की पऱ्हाटी श्रेडरमधून काढा, उन्हात वाळवा आणि जाळीत टाका. नाही तरी गुलाबी बोंडअळीमुळे पऱ्हाटी बांधावर रचून ठेवू नका असं कृषी खातं सांगतंच. काडीवरच्या वाळक्या बोंडांत एखादी अळी राहिली तर कोंबडी सोडत नाही.

काळंरान:
कापसावर किती फवारण्या होतात ते विसरलात? ती काडी कोंबडीच्या चोचीखाली टाकायची आणि अंडी लेकरांना खाऊ घालायची? मी तरी नाही टाकणार.

पऱ्हाटीवाला:
शेवटची फवारणी आणि पऱ्हाटी उपटणं यात बरेच दिवस जातात. तरी शंका असेल तर तुराटी घ्या. पण तिच्यावरही फवारा असतोच, मग बोरी-बाभळीच्या फांद्याच छाटत बसा, काटे वेचत. आणखी एक. जाळीतून काढलेलं मिश्रण लगेच रानात टाकू नका. कोंबडीच्या विष्ठेत नत्राच्या दहापट कर्ब असेल, तर लाकडात शेकडो पट. कच्चं टाकलं की कुजताना ते जमिनीतला नत्र ओढतं आणि ज्वारी पिवळी पडते. ढीग लावून, ओलावून, पालटत कुजवा.

उदगीरकर:
भुसा, ढलप्या, पऱ्हाटी, मुरूम. छपराच्या पत्र्याचं पाणी कुठं पडतं ते कुणीच विचारलं नाही. निम्म्या ठिकाणी ते सरळ जाळीत पडतं. आधी पन्हाळ लावा, बाजूनं चर काढा.

काळंरान:
पन्हाळ आहे. उंदरांनी वाटीएवढं भोक पाडलंय, या आठवड्यात बदलतो. मुरूम तरीही टाकणार.

वखारीशेजारी:
टाका. वरून ढलप्या मी देतो, अर्ध्या जाळीत. पोळ्यापर्यंत दोन्हीकडची ओल हातानं दाबून बघू.