पुढचा सॉलिड एक्सल पूर्ण खोलून बसवला, स्टेअरिंग पण बदललं, तरी उजव्या नकलमधून (एक्सलच्या टोकाचा, चाकासोबत वळणारा भाग) परत तेल येतंय. मदत हवी आहे

गाडी ८५ ची हायलक्स, पुढे सॉलिड एक्सल (दोन्ही चाकं एकाच अखंड एक्सलवर) आणि पाटे. घेतली तेव्हापासूनच दोन्ही नकलच्या गोळ्यांवर (एक्सलच्या टोकाचा गोल भाग, त्यावर नकल फिरते) काळा ओघळ होता. आधी मी पुसून सोडून द्यायचो पण एकदा उजवा हब काढला तर आत ग्रीस कुठलं, नुसता काळा राडा, डिफचं (डिफरन्शियलचं) गिअर ऑइल आतलं सील ओलांडून बर्फिल्डमधे (चाक वळलेलं असताना पण त्याला फिरवणारा शाफ्टचा जॉइंट) आलेलं आणि ग्रीस पातळ होऊन बाहेर. मग म्हटलं आता खोललंच आहे तर सगळंच करून टाकू.

नवीन घातलं ते असं, दोन्ही बाजूंना आतलं एक्सल सील, वरखालचे ट्रनियन बेअरिंग (ज्यांवर नकल वळते) त्यांच्या रेससकट, गोळा पुसणारी फेल्ट आणि रबराची सीलं, व्हील बेअरिंग. बर्फिल्ड धुऊन बघितले, बॉलच्या वाटांमधे खड्डे नव्हते म्हणून तेच परत मॉली ग्रीस भरून घातले. (स्पिंडल म्हणजे हब ज्यावर फिरतो ती पोकळ नळी, तिच्या नटाला ५४ चा सॉकेट लागतो, आधीच्या माणसाने छिन्नीने फिरवला होता, आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा मी पण तेच केलं.)

त्यातच स्टेअरिंग. मूळचा ड्रॅग लिंक (स्टेअरिंग बॉक्सपासून नकलकडे जाणारा दांडा) चेसिसला समांतर पुढेमागे ढकलतो, त्यामुळे पाटे मोठे टाकल्यावर एक चाक दगडावर चढलं की स्टेअरिंग हातातून आपोआप वळायचं. म्हणून नंतरच्या इंडिपेंडंट सस्पेन्शनवाल्या गाडीचा स्टेअरिंग बॉक्स घेतला, चेसिसला आतबाहेरून प्लेट वेल्ड करून बसवला, नकलवर हाय स्टेअर आर्म (नकलच्या वर बसणारे स्टेअरिंगचे आर्म) लावले आणि ड्रॅग लिंक आडवा पलीकडच्या नकलला नेला. टाय रॉड (दोन्ही नकल जोडणारा दांडा) आता पाट्यांच्या वर आहे. आडवं स्टेअरिंग झाल्यापासून ती ओढाताण बंद, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार दोन आहेत. एक, उजव्या बाजूला महिन्याभरात परत तेल, डावी बाजू कोरडी ठणठणीत. दुसरी, वळणावरून स्टेअरिंग आपोआप परत येत नाही, हाताने आणावं लागतं. पुढे लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या पट्ट्या) आहेत म्हणजे कॅस्टर (नकलच्या वळण्याच्या आसाचा मागचा झुकाव, त्यानेच चाक सरळ परत येतं) गेलाय हे कळतंय, पाट्याखाली पाचर टाकायचा विचार आहे. पण पाचर टाकली की पिनियन (डिफचं तोंड, जिथे प्रोपेलर शाफ्ट जोडतो) खाली बघणार आणि प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटचा कोन बिघडणार. सील तिसऱ्यांदा बदलायच्या आधी कोणी सांगेल का काय चुकतंय?

प्रतिसाद
ब्रिदर बघितला का? डिफचा ब्रिदर चिखलाने बंद असेल तर गरम झाल्यावर आतली हवा सीलमधूनच वाट काढते, तेल घेऊन. दुसरं, शाफ्ट घालताना सीलवर टेकवून सरकवला असेल तर नवीन सीलची कड तिथेच कापली जाते, शाफ्ट उचलून धरूनच आत न्यायचा.

धागाकर्ता
ब्रिदर मोकळा आहे, नळी वर बॉनेटपर्यंत नेलीये. शाफ्ट मित्राने धरला होता, टेकला नसावा. शाफ्टवर सील बसते तिथे बोटाला खाच लागत नाही.

प्रतिसाद
शिम (जाडी भरायच्या पातळ चकत्या) कुठे कशा घातल्या ते लिहिलं नाहीत तुम्ही. जुने आर्म काढताना वरच्या शिम वर, खालच्या खाली असं वेगळं ठेवलं होतं का?

धागाकर्ता
डाव्या बाजूच्या शिम वायरला बांधून ठेवल्या होत्या. उजव्याच्या शिमचा ट्रे लाथ लागून उलटला 😅 मग ज्या सापडल्या त्या सगळ्या वरच्या आर्मखाली घातल्या, एखादी हरवली पण असेल.

प्रतिसाद
मग सापडलं तुमचं दुखणं, दोन्ही एकच आहे. शिमची एकूण जाडी बेअरिंगचा ताण ठरवते, शिम कमी तर ताण जास्त. आणि ती जाडी वरखाली कशी वाटली त्यावर नकल एक्सलच्या मध्यावर बसते की नाही ते ठरतं. सगळ्या वर घातल्या म्हणजे नकल खाली उतरली, शाफ्ट सीलच्या एका कडेला दाबतो आणि दुसऱ्या कडेने तेल निघतं. किती पण सीलं बदला. एक हरवली असेल तर बेअरिंग आवळलं गेलंय, मग चाक परत कसं येणार? पाचर नंतर बघा.

फेल्ट सील आणि शाफ्ट न घालता नकल बसवा, टाय रॉडच्या भोकात ताणकाटा (स्प्रिंगचा वजनकाटा) अडकवून काटकोनात ओढा, हलायला लागते तो आकडा दोन्ही बाजूंचा घ्या आणि तुमच्या मॉडेलच्या पुस्तकाशी ताडून बघा. सेंटरसाठी लेथवाल्याकडून सीलच्या जागेत घट्ट बसणारा गोल डमी करून घ्या, मधून सरळ गज, आणि गजापासून स्पिंडलच्या भोकाची वरची नि खालची कड व्हर्निअरने मोजा. सारखं येईपर्यंत शिम वरून खाली हलवा, पण एकूण जाडी बदलू देऊ नका.

धागाकर्ता
काल केलं. ताणकाट्यावर उजवी बाजू डावीच्या दुपटीहून जास्त आली, आणि भोकाच्या वर खाली सव्वा मिलिमीटरचा फरक! एक जाड शिम नवीन आणली, दोन खाली सरकवल्या, आता ताण दोन्हीकडे रेंजमधे आहे आणि अंतराचा फरक कागद जाईल एवढा. जुनं सील बघितलं तर खरंच एकाच अर्ध्या भागावर चकाकी आलेली.

स्टेअरिंग आता येतंय, पण शेवटचा पाव फेरा अजून सुस्त आहे, म्हणजे कॅस्टर थोडा गेलेलाच आहे. पाचर दोन अंशाची टाकून बघू का लांब शॅकल काढून मूळचेच लावू? कॅस्टरसाठी वेल्ड कापून गोळे फिरवायची माझी अजून हिंमत नाही.

प्रतिसाद
शॅकल आधी. फुकटात होतं, आणि पिनियन पण जागेवर येतो. आणि त्या हाय स्टेअर आर्मचे स्टड शंभर किमी झाले की परत आवळा, ते सैल पडतात आणि पडले की नकलची भोकं खातात.

धागाकर्ता
शॅकल रविवारी. स्टड आत्ताच बघितले, एक पाव फेरा फिरला राव.