घरबसल्या दाखला: गोव्यातले अनुभव येऊ द्या

घरदुरुस्तीसाठी एक-चौदाचा उतारा हवा होता (महाराष्ट्रवाल्यांनो, तुमचा सातबारा, तो आमचा एक-चौदा). तलाठ्याकडे न जाता ऑनलाइन मिळाला, पण यादीत गाव सापडायलाच तासभर गेला. केरी 'के'मध्ये नाही, 'क्यू'मध्ये! पोर्तुगीज 1961 साली गेले, त्यांचं 'क्वेरिम' मात्र यादीत ठाण मांडून बसलंय. त्यात केऱ्या तीन: पेडण्यात, सत्तरीत नि फोंड्यात. आधी तालुका निवडा. आता तुम्ही सांगा.

सत्तरीकर: आमच्याकडे लॅपटॉप घरात आणि रेंज देवळामागच्या टेकडीवर. ओटीपी घेऊन खाली धावत येईपर्यंत त्याची मुदत संपते. शेवटी धाकट्याला वर उभा केला, तो आकडे ओरडायचा, मी खाली भरायचो. वाड्यावर सगळ्यांना आमचा ओटीपी पाठ झाला.

पोस्टमनची लेक, काणकोण: बाबा केंद्र सरकारचे पेन्शनर. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला. बोटाच्या ठशावर ऑनलाइन दाखला देणारं 'जीवन प्रमाण' 2014 मध्ये आलं, पण निवृत्तीनंतर कुळागरात (म्हणजे सुपारीच्या बागेत) राबून बोटांचे ठसे पुसलेले, मशीन काही केल्या घेईना. 2021 मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय झाली, तेव्हा सुटलो. म्हणजे, जवळजवळ. "बाबा, डोळे मिचकावा" म्हटलं की ते दोन्ही डोळे गच्च मिटून बसायचे. आई म्हणाली, "अशानं पेन्शन बंद करतील हो!"

अनामिक, फोंडा: आजीच्या जन्मनोंदीत आडनाव पोर्तुगीज वळणाचं, आधारवर इंग्रजी. माणसाला कळतं की नाईक एकच, संगणकाला नाही. प्रतिज्ञापत्र केलं, चार फेऱ्या झाल्या. ऑनलाइनच होतं म्हणे ते.

झेरॉक्सवाला, डिचोली: गृहिणींसाठीच्या सरकारी गृह आधार योजनेचे महिन्याचे दीड हजार असोत की रहिवासी दाखला, अर्ज माझ्याच दुकानात भरले जातात. एकच सांगतो, पोचपावती फेकू नका. 2013 च्या वेळमर्यादित सेवांच्या कायद्यात मुदत उलटली तर अपील करता येतं, पण तारीख दाखवायला कागद लागतो. लोक पावती माझ्याकडेच विसरून जातात. पासवर्डही. नको नको म्हटलं तरी सांगतात, "तूच लिहून ठेव रे." अर्ध्या वाड्याचे पासवर्ड माझ्या उधारीच्या वहीत आहेत.