एकाच पाटीवर दोन न्याय, तक्रार करावी का?

नमस्कार. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारजवळ राहतो. लेक तेरा वर्षांची, चौदाखालच्या संघातून खो-खो खेळते. परवा अंतिम सामन्यात पाठलाग करताना तिचा पाय मधल्या पाटीला, म्हणजे दोन खांबांमधल्या फक्कीने आखलेल्या पट्ट्याला लागला. पंचांनी लगेच शिट्टी मारली, गडी बाद धरला नाही. बरोबरच दिला फाउल, तिच्या बुटाला लागलेली फक्की मी स्वतः पाहिली. पण शेवटच्या पाळीत समोरच्या मुलीने त्याच बाजूला अख्खं पाऊल पाटीवर टाकून आमची मुलगी मारली. मी खांबामागेच बसले होते. टाचेएवढी फक्की पुसली गेली होती, खालची माती दिसत होती. शिट्टी नाही! एका गुणाने हरलो. पंच यजमान मंडळाचेच.

लेक रात्री जेवली नाही. म्हणाली, "आई, मग मीपण पंच बघत नसताना पाय टाकू का?" काय सांगू तिला? लेखी तक्रार केली तर निवडीच्या वेळी पोरीवर राग निघेल, हीही धास्ती आहे.

उत्तर १
ताई, मी बरीच वर्षं पंच होतो. मधल्या पाटीच्या दोन्ही बाजूंना एकेक पंच असतो, ज्याने त्याने आपली बाजू बघायची. म्हणजे दोन्ही निर्णय एकाच माणसाचे. शेवटच्या मिनिटाला नजर मारणाऱ्या हातावर जाते आणि पाय निसटतो, माझ्याकडूनही झालंय. कर्णधाराने तिथल्या तिथे सरपंचांकडे, म्हणजे सामन्याच्या मुख्य पंचांकडे जायला हवं होतं. आता निकाल फिरणं अवघड. तरी अर्ज द्याच, पण प्रशिक्षकांनी, संघाच्या नावाने. मागणी एकच ठेवा: अंतिम सामन्याला यजमानांचा पंच नको.

उत्तर २
मी तर म्हणेन सोडून द्या. माझ्या भाच्याच्या सामन्यात पालक पंचांच्या अंगावर धावून गेले होते. लाजेने पोरगा महिनाभर सरावाला गेला नाही.

उत्तर ३
अंगावर धावून जाणं वेगळं, अर्ज देणं वेगळं. हुतूतूचे नियम आपल्या बडोद्यातल्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ साली छापले. मंडळागणिक न्याय बदलू नये म्हणूनच ना नियम लिहून काढायचे? त्याच गावात पोरींनी गप्प बसायचं?

मूळ प्रश्नकर्ती
सगळ्यांचे आभार. सरांशी बोलले, अर्ज तेच देतील. लेकीला सांगितलं, आपण पाय टाकायचा नाही. लगेच विचारते, "आणि त्यांनी परत टाकला तर?" म्हटलं, कर्णधाराला सांग, तिने तिथल्या तिथे सरपंचांकडे जायचं. आज सरावाला चौघीजणी पाटीवर जाड फक्की घालून बसल्या होत्या.