क्रॉयडनचं 'व्हेलॉक्स'

जुन्या काळी रात्री फक्त टपालाची विमानं पडायची, असं काही जण म्हणतात. तसं नाही हो! लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरचं व्हिकर्स कंपनीचं व्हेलॉक्स विमान घ्या. दोन इंजिनांचं, दुहेरी पंखांचं धूड. १९३४ मध्ये पहिल्यांदा उडालं, दहाएक प्रवाशांसाठी बनवलेलं; पण गिऱ्हाईक मिळेना, एकच नग बनला. शेवटी इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश विमान कंपनीने तो रात्रीच्या मालवाहतुकीला जुंपला. १० ऑगस्ट १९३६ च्या रात्री उड्डाणानंतर थोड्याच वेळात ते जवळच्या वॉलिंग्टनमध्ये कोसळलं आणि पेटलं. चौघेही कर्मचारी गेले. प्रवासी नव्हते, म्हणून की काय, या अपघाताचं नाव फारसं निघत नाही. मला तरी ते खटकतं.