अनुभव धागा: कोलोनोस्कोपीत पॉलिप कसा सापडला?

रामबागकर:
मागच्या महिन्यात बाबांची कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याच्या नळीने मोठ्या आतड्याची आतून तपासणी, झाली. आपल्या इंदूरच्या मराठी मंडळींत कोण कुठे काय जेवलं हे तासाभरात सगळ्यांना कळतं, पण या तपासणीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. म्हणून हा धागा. ज्यांनी केली असेल त्यांनी लिहा.

मला बाहेरच्या स्क्रीनवर बघू दिलं. नळी मागे घेताना सगळं नुसतं गुलाबी. मग डॉक्टरांनी एक बटण दाबलं नि चित्र हिरवट-करडं झालं. याला एनबीआय (नॅरो बँड इमेजिंग) म्हणतात. 415 आणि 540 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-हिरवा प्रकाश तेवढा वापरतात. हिमोग्लोबिन तो शोषून घेतं, म्हणून रक्तवाहिन्या गडद उठतात. मघाशी मला जिथे काहीही दिसलं नव्हतं, तिथे मसुराएवढा तपकिरी डाग! हाच पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरची छोटी वाढ. तिथल्या तिथे काढला. बायॉप्सीत अ‍ॅडिनोमा निघाला. कॅन्सर नव्हे, पण ठेवला असता तर पुढेमागे होऊ शकला असता.

सुदामानगरची सून:
आमच्या सासूबाईंनी आदल्या दिवशी "थोडेसेच" म्हणत पोहे खाल्ले, वर शेव-जिरावन. पोट साफ करायच्या औषधाचं पाणीही निम्मंच प्यायल्या. एनबीआय लावलं तर आत लालच लाल! मी घाबरलेच. डॉक्टर म्हणाले, रक्त नाही, उरलेलं पिवळं पाणी यात असंच दिसतं. सगळं पुन्हा करावं लागलं, पैसेही पुन्हा.

जुना कोलायटिसवाला:
12 वर्षं अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज नि व्रण) आहे. यात वाईट पेशींचा भाग बऱ्याचदा सपाट पसरतो, म्हणून आतड्यावर इंडिगो कार्माइनचा निळा फवारा मारतात. हा रंग मुरत नाही, खाचांत साचतो. सारवलेल्या अंगणातले उंचवटे कलत्या उन्हात दिसावेत, तसं. वेळ फार लागतो. यंदा काही निघालं नाही.

रिटायर्ड बँकवाला:
माझ्या वेळी एआय होतं. संशय आला की स्क्रीनवर हिरवी चौकट. बुडबुड्यावर चौकट, आतड्याच्या घडीवर चौकट! त्यातली एकच खरी निघाली. आणि घडीमागे कॅमेरा वळवलाच नाही तर मशीनला तरी काय दिसणार? आधी दुसरीकडे केली होती, त्या रिपोर्टवर ना फोटो, ना नळी मागे घ्यायला लागलेला वेळ. निदान 6 मिनिटं तरी हवीत. रामबागकर, बाबांच्या रिपोर्टवर किती आहेत?

रामबागकर:
काका, आत्ताच फाइल काढली. 9 मिनिटं. डाग कापायला लागलेला वेळ वेगळा.