पुरातत्त्वात एमए करणाऱ्या मराठवाड्यातल्या पोरांना सरकारनं स्टायपेंड द्यावा का?

तेरणाकाठ : माझं मत, द्यावा आणि एमएपासूनच द्यावा. नेट परीक्षेत जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळवून पीएचडीला लागलं की महिन्याला ३७,००० मिळतात, पण त्याच्या आधीच्या दोन वर्षांतच आमच्याकडची पोरं गळतात. पुण्याला डेक्कन कॉलेजला जायचं तर खोलीभाडं, मेस आणि वर फिल्डवर्क. ग्रेटर नोएडाला केंद्र सरकारच्या पुरातत्त्व संस्थेत डिप्लोमाला स्टायपेंड आहे, पण जागा सगळ्या देशात मिळून १५ आणि तिथंही आधी एमए लागतंच. आपलं तेर म्हणजे जुनं तगर, पेरिप्लस या जुन्या ग्रीक ग्रंथात लिहिलंय की पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठं शहर, इथून कापड गाड्या भरून भडोचच्या बंदराला जायचं. असलं गाव आपल्या जिल्ह्यात अन् तिथली पांढर, म्हणजे जुन्या वस्तीचं मातीचं टेकाड, वाचणारी पोरं आपण तयार करायची नाहीत?

परभणीकर : पोटाचं काय पण? स्टायपेंड दिला, दोन वर्षं गेली, पुढं? पुरातत्त्व खात्याची भरतीची जाहिरात कधी निघंल भरवसा नाही, कंत्राटावर उत्खननाला घेतलं तर काम संपलं की घरी. माझ्या भाच्यानं हेच केलं, आज एमपीएससीच्या क्लासला बसतोय. सोयाबीनला भाव नाही अन् बापानं लेकराला खापरं मोजायला पाठवायचं का? पैसा सरकारचा असला तरी वय लेकराचंच जातंय. आधी पदं भरा.

मातीचे थर : दादा, पदं भरायलाच पाहिजेत, पण मी सध्या हेच शिकतेय म्हणून सांगते. सर्वेच्या कॅम्पला सकाळी पांढरीवर फिरून खापरं गोळा करायची, जीपीएसवर जागा नोंदवायची, संध्याकाळी ती धुवून वाळवून एकेकावर नंबर घालायचा आणि मग भांड्याच्या काठाच्या तुकड्यांची ड्रॉइंगं काढत बसायचं, गोलाई मोजून भांड्याचं तोंड केवढं होतं ते काढायचं. हाताला ओळख व्हायला महिने लागतात, पुस्तकातून येत नाही. माझी शिष्यवृत्ती मंजूर होती पण पैसे वर्ष संपल्यावर आले, तोवर मैत्रिणींकडून उसने घेऊन कॅम्प केले. ज्यांना उसने मिळाले नाहीत त्यांचे कॅम्प बुडाले.

अजिंठा रोड : माझा विरोध वेगळ्या कारणानं. गावोगावच्या पांढरीची माती लोक धाब्याच्या घरांच्या छतावर टाकायला वर्षानुवर्षं नेत आलेत, आता तर जेसीबीच लागतो. पैसा थोडाच असणार, तो राखणदार नेमायला आणि कुंपणाला द्या. तेरचं संग्रहालय रामलिंगप्पा लामतुरेंच्या ध्यासातून उभं राहिलं, त्यांना कुणी स्टायपेंड दिला होता?

तेरणाकाठ : लामतुरेंचे उपकार आहेतच, त्यांनी जमवलं नसतं तर कितीतरी वस्तू गेल्याच असत्या. पण त्या संग्रहातली हस्तिदंती मूर्ती बघा, इटलीतल्या पॉम्पेईला सापडलेल्या मूर्तीशी तिचं साम्य सांगतात. पॉम्पेई इ.स. ७९ मधे ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं म्हणून तिथली मूर्ती त्याच्या आधीची हे पक्कं. वस्तू मातीच्या थरातून सुटून हाती आली की काळ ठरवायला अशी तुलनाच उरते, थर नोंदवायला शिकलेला माणूस लागतो. राखणदारालाही कुठलं टेकाड राखायचं हे कुणीतरी सांगावं लागतंच ना, ती गावोगावची यादी हीच पोरं करतील.

आणि बाहेरचे रस्ते बी बंद होतायत. राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजुरांच्या पोरांसाठी, तिच्यातून २०२२ ला भारताची संस्कृती, वारसा, इतिहास हे विषयच वगळले. भटक्या समाजातल्या पोरीला परदेशात जाऊन आपल्याच मातीचा अभ्यास करायचा तर त्या पैशातून नाही. मला याचा राग येतो.

परभणीकर : हे २०२२ चं चुकीचंच झालं, तिथं मी तुमच्या बाजूनं. पण स्टायपेंडबरोबर निदान दोन वर्षं जिल्ह्यातच सर्वेची पगारी नेमणूक लेखी द्या, तसं असंल तर भाच्याला मीच परत पाठवीन. नुसत्या स्टायपेंडला माझा विरोध कायम.

मातीचे थर : नेमणुकीची अट मला मान्य. फक्त पैसे कॅम्पच्या आधी हातात पडले पाहिजेत.